शाळा उघडल्यापासून पोळ्यापर्यंत: नागपुरात नव्याने आलेल्या पालकांसाठी

आम्ही सांगलीहून नागपूरला आलो तेव्हा मुलगी तिसरीत जाणार होती आणि मुलगा तीन वर्षांचा होता. मुलीची इथली पहिली सहामाही कठीण गेली. शाळा चांगली होती, बाई मनापासून शिकवत होत्या, मुलीला अभ्यासाची आवड होती. तरी जुलैत बडबड करत शाळेत गेलेली मुलगी सप्टेंबरपर्यंत गप्प झाली होती. आम्ही घाबरून शिकवणी लावली. खरी अडचण वेगळीच होती, ती आम्हाला दिवाळीच्या सुट्टीत कळली. पुढे मुलगा पहिलीत गेला तेव्हा सुरुवातीचे दोन महिने आम्ही वेगळ्या पद्धतीने काढले, आणि त्याचं वर्ष सुरळीत गेलं. आता मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य आहे. दर वर्षी नवे पालक तेच प्रश्न घेऊन येतात, म्हणून हे एकदा नीट लिहून काढते आहे.

आधी एकच सांगते. पहिल्या दोन महिन्यांत मुलाला पळवू नका. ते कुठे उभं आहे ते आधी बघा. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. मुदत मी पोळ्यापर्यंतची धरली आहे. पोळा श्रावण अमावास्येला येतो, म्हणजे शाळा उघडल्यापासून साधारण नऊ-दहा आठवड्यांनी. विदर्भात हा सण कोणी विसरत नाही, त्यामुळे मुदतही लक्षात राहते.

१. शाळेची तारीख इथली धरा

उरलेल्या महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यात उघडतात. विदर्भात उन्हामुळे त्या उशिरा उघडतात. २०२४मध्ये इथल्या शाळा १ जुलैला सुरू झाल्या, २०२५मध्ये २३ जूनला. तारीख दर वर्षी बदलते. पुण्या-सांगलीकडच्या नातेवाइकांच्या फोनवर किंवा गेल्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका. शाळेच्या फलकावर किंवा पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात पक्की तारीख बघा.

सुरुवातीचे काही दिवस शाळा बहुतेक सकाळची असते, मग नेहमीची वेळ लागते. व्हॅनवाल्या काकांशी पैशांचं बोलणं ही नेहमीची वेळ कळल्यावरच करा. फेब्रुवारी २०२४मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९च्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, पण अंमलबजावणी सगळीकडे सारखी झालेली नाही. तेव्हा विचारूनच घ्या.

आमची पहिली चूक इथेच झाली. शाळा उशिरा उघडली म्हणजे अभ्यासही सावकाश सुरू होणार, असं धरून आम्ही पहिल्याच आठवड्यात सांगलीला लग्नाला गेलो आणि नऊ दिवसांनी परतलो. तेवढ्यात वर्गात बाकं ठरली होती, मुलांच्या जोड्या जमून गेल्या होत्या, कोणत्या विषयाला कोणती वही हेही सांगून झालं होतं. बाईंनी त्या दिवसांत दुसरीची उजळणी घेतली होती. मुलगी परतली ती शेवटच्या बाकावर, एकटी. पहिल्या पंधरा दिवसांत धडे फार पुढे जात नाहीत हे खरं, पण वर्गात मुलाची जागा याच दिवसांत ठरते. या पंधरा दिवसांत एकही सुट्टी घेऊ नका. लग्न, बारसं, गावची जत्रा, काहीही असो. फक्त ताप आला तरच घरी ठेवा.

२. कागदपत्रं मे महिन्यातच काढा

एका फाइलमध्ये मूळ प्रती आणि प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स ठेवा:

- जन्मदाखला
- मुलाचं आणि आई-वडिलांचं आधार कार्ड
- आधीच्या शाळेचा शाळा सोडल्याचा दाखला (टीसी) आणि प्रगतिपुस्तक
- युडायसवरचा, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतला, मुलाचा कायमचा ओळख क्रमांक (पेन). तो जुन्या शाळेकडून लिहून घ्या
- पत्त्याचा पुरावा. भाड्याने राहत असाल तर भाडेकरार
- लागू असेल तर जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला
- मुलाच्या नावाचं किंवा पालकांसोबतचं बँक पासबुक
- लसीकरणाचं कार्ड, रक्तगट, पासपोर्ट आकाराचे सहा-आठ फोटो

उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रात किंवा आपले सरकार केंद्रात मिळतो. जूनमध्ये दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात, त्यामुळे सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या सेतूत मोठी रांग असते. मे महिन्यात जा.

इथे तीन ठिकाणी लोक अडकतात.

पहिलं, नावातला फरक. आधारवर ‘श्रावणी’, जन्मदाखल्यावर ‘श्रावनी’, टीसीवर वडिलांचं नावच नाही, असं असलं की ऑनलाइन नोंद अडते. आधी जन्मदाखला दुरुस्त करा, त्यावरून आधार, मग शाळा. क्रम उलटा केलात तर दोनदा फिरावं लागेल.

दुसरं, ऑनलाइन बदली. कागदी टीसी हातात आली तरी जुन्या शाळेने मुलाला पोर्टलवरून सोडलं नाही तर नव्या शाळेच्या पटावर ते दिसत नाही. आमच्या बाबतीत जुन्या शाळेकडून हे व्हायला पाच आठवडे लागले, आणि तेही मी रोज फोन केल्यावर. गाव सोडण्याआधी जुन्या शाळेच्या कार्यालयात बसून हे काम करून घ्या.

तिसरं, शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद. नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात या नोंदी प्रवेशाच्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. पुढचा प्रत्येक दाखला याच रजिस्टरवरून निघतो आणि मूल शाळेतून बाहेर पडल्यावर तिथली चूक सुधारणं फार कठीण जातं.

टीसी यायला उशीर झाला म्हणून मुलाला घरी बसवू नका. शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम ५प्रमाणे दाखल्याला उशीर झाला या कारणाने प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, आणि कलम १४प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. कार्यालयात आवाज चढवायची गरज पडत नाही. ‘दाखला मागवला आहे, तोवर मूल वर्गात बसू द्या’ असा साधा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

३. वर्गशिक्षिकेला दहा मिनिटं भेटा, पण फाटकापाशी नाही

शाळा सुटताना बाईंच्या भोवती चाळीस मुलं आणि वीस पालक असतात. तिथे काहीच बोलणं होत नाही. पहिल्या आठवड्यात वहीवर चिठ्ठी द्या: ‘मॅडम, दहा मिनिटं भेटायचं आहे, तुम्हाला सोयीची वेळ सांगा.’

भेटीत आधी तुम्ही सांगा, मग विचारा. सांगायचं ते एवढंच: घरी कोणती भाषा बोलतात, आधीची शाळा कुठली होती, मूल कशाला घाबरतं, काय त्याला मनापासून आवडतं. माझ्या मुलाला मोठ्या आवाजात हाक मारली की तो रडायचा. हे बाईंना पहिल्याच दिवशी माहीत होतं, आणि त्यांनी त्याला पहिल्या रांगेत बसवलं.

मग हे विचारा:

- पहिल्या महिन्यात मागच्या इयत्तेची उजळणी किती दिवस चालेल?
- घरचा अभ्यास कोणत्या दिवशी, किती, आणि पालकांनी त्यात किती हात घालायचा?
- मूल वर्गात काही बोलत नसेल तर मला कसं कळवाल?
- गैरहजर राहिलं तर राहिलेलं काम कुणाकडून घ्यायचं?

यातला तिसरा प्रश्न नक्की विचारा. तो मी मुलीच्या वेळी विचारला नव्हता. गप्प मूल वर्गात त्रास देत नाही, म्हणून ते महिनोन्‌महिने कुणाच्या नजरेत येत नाही.

४. मूल कुठे उभं आहे ते घरी तपासा

हे काम दुसऱ्या आठवड्यात करा. परीक्षेसारखं करू नका. संध्याकाळी जेवणाआधी, गप्पा मारत करा.

वाचनासाठी चार पायऱ्या धरा: अक्षर, शब्द, चार ओळींचा सोपा परिच्छेद, छोटी गोष्ट. मुलाने न पाहिलेला मजकूर घ्या, कारण पाठ्यपुस्तकातला धडा बरीच मुलं पाठ म्हणून दाखवतात आणि आपल्याला वाटतं वाचता येतं. खात्री करायची असेल तर ओळीच्या मधल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवा आणि तेवढाच वाचायला सांगा. मूल ज्या पायरीवर अडखळतं, त्याच्या एक पायरी खालून रोजचं वाचन सुरू करा. तिसरीतलं मूल शब्दांवरच अडत असेल तर त्याला तिसरीचे धडे वाचायला लावण्यात दोन महिने घालवू नका. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये सुरू केलेल्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्टही तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं हेच आहे. ते अजून जमत नसेल तर लपवू नका, बाईंना सांगा. त्या कामासाठी त्यांच्याकडे साहित्य असतं.

गणितात मराठी मुलांची एक खास अडचण आहे, आणि ती आळशीपणा समजून मुलं मार खातात. ‘पंचवीस’ म्हणताना आपण आधी पाच म्हणतो, मग वीस. मूल ऐकतं त्या क्रमाने लिहितं: ५२. ‘त्रेचाळीस’ ऐकून ३४ लिहितं. त्याने चूक केली, पण कान देऊन केली. ‘एकोणतीस’ तर आणखी अवघड, कारण तोंडात तीस आहे आणि लिहायचं वीसच्या घरात. एकोण म्हणजे एक उणा, एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, हे कुणी सांगितलंच नाही तर मुलाला ते कळणार कसं?

उपाय सोपा आहे. खराट्याच्या काड्या घ्या, दहा-दहाच्या जुड्या करून रबर लावा. पंचवीस म्हटलं की मुलाने आधी दोन जुड्या ठेवायच्या, मग पाच सुट्या काड्या. जुड्या डाव्या हाताला, सुट्या उजव्या हाताला. मग त्याच जागी आकडे लिहायचे. माझ्या मुलाने असे काड्यांचे खेळ रोज दहा मिनिटं खेळले आणि महिन्याभरात उलटे आकडे थांबले. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेसष्ट हे ‘साठ तीन’ असंही वाचायची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला होता. माझ्या मते दोन्ही वापरा. ‘साठ तीन’ म्हटल्याने आकड्यांच्या जागा कळतात, ‘त्रेसष्ट’ बाजारात लागतं. मूल दोन्ही सहज पेलतं.

पहिलीच्या पालकांसाठी दोन गोष्टी. जिल्हा परिषदेच्या आणि मनपाच्या शाळांत ‘पहिले पाऊल’ हा शाळापूर्व तयारीचा मेळावा होतो, तो चुकवू नका. तिथे वेगवेगळ्या टेबलांवर मुलाला उड्या मारायला, वस्तू लावायला, चित्रावरून बोलायला, मोजायला लावतात आणि काय जमतं त्याची नोंद एका पत्रकावर करून देतात. ते पत्रक जपून ठेवा. दुसरी गोष्ट, पहिलीचे सुरुवातीचे बारा आठवडे खेळातून तयारीचे असावेत असा ‘विद्या प्रवेश’ कार्यक्रम आहे. तेव्हा जुलैअखेर मुलाची वही कोरी दिसली तर शाळेत तक्रार घेऊन जाऊ नका. मातीकाम, कागद फाडणं, मणी ओवणं यातूनच बोटं लिहायला तयार होतात. घरी पाच-पाच पानं ‘अ’ गिरवून घेतला की बोटं दुखतात आणि मूल वहीचंच वैर धरतं.

५. घरची बोली आणि पुस्तकाची भाषा यांची ओळख करून द्या

माझ्या मुलीची खरी अडचण ही होती. जुलैत एके दिवशी वर्गात भाज्यांवर बोलणं चाललं होतं. एक मुलगी म्हणाली, ‘आमच्या घरी भाजीवर सांबार टाकते.’ माझ्या मुलीला सांबार म्हणजे इडलीबरोबरचं माहीत. ती मोठ्याने म्हणाली, ‘भाजीवर सांबार?’ आणि सगळा वर्ग तिला हसला. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मग मधल्या सुट्टीत तिला कुणीतरी ‘ए पोट्टी’ अशी हाक मारली. इथे ती आपुलकीची हाक आहे. तिला ती शिवी वाटली. त्या दिवसापासून तिने वर्गात हात वर केला नाही. हे सगळं आम्हाला दिवाळीत आजीकडून कळलं. आम्ही तोवर तिला पाढे पाठ कर म्हणून रागवत होतो.

बाहेरून आला असाल तर पहिल्याच आठवड्यात मुलाबरोबर एक छोटी यादी करा. आमच्या फ्रिजवर ती दोन वर्षं होती:

- सांबार: कोथिंबीर
- जाम: पेरू
- टरबूज: कलिंगड
- आलू: बटाटा
- काहून: का, कशासाठी
- येऊन राहिला: येतोय

यादी करताना मुलाला कोणता शब्द बरोबर आणि कोणता चूक असं शिकवू नका. इथल्या मुलांचे शब्द त्यांच्या घरचे आहेत, तुमच्या मुलाचे तुमच्या घरचे.

नागपूरच्याच मुलांना याची दुसरी बाजू भोगावी लागते. माझा मुलगा तीन वर्षांचा असल्यापासून इथलेच शब्द शिकला. भिंतीवरच्या तक्त्यात पेरूचं चित्र आणि खाली ‘प’. तो चित्र बघायचा, मनात ‘जाम’ म्हणायचा आणि ‘ज’ सांगायचा. कलिंगडाचं चित्र बघून ‘ट’. पाहुण्यांना वाटायचं याला अक्षरं येत नाहीत. त्याला अक्षरं येत होती, चित्राचं नाव वेगळं येत होतं. आम्ही तक्त्यावर पेरूच्या बाजूला ‘जाम’ अशी चिठ्ठी लावली, आणि मग त्याला एकाच फळातून दोन अक्षरं मिळाली. बाईंना हे दाखवलं तर त्यांनी वर्गातल्या तक्त्यावरही तसंच केलं.

घरी हिंदी बोलत असाल तर आणखी थोडं लक्ष लागेल. नागपुरात बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याकडची बरीच कुटुंबं आहेत, आणि मराठी शाळांतही त्यांची मुलं आहेत. मराठीची सक्ती २०२०च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांना लागू झाली, त्यामुळे इंग्रजी माध्यमातही मराठीचा विषय येतोच. हिंदी मुलांना ‘ळ’ नवा असतो. ‘चमचा’तला ‘च’ आणि ‘चिमणी’तला ‘च’ अक्षर एकच, उच्चार दोन, हे त्यांना ऐकूनच कळतं. मराठी पुस्तकातला ‘ल’ आणि ‘श’ हिंदी पुस्तकातल्यापेक्षा वेगळा दिसतो, म्हणून हिंदी वाचता येणारं मूलही सुरुवातीला अडखळतं. रोज एक मराठी गोष्ट मोठ्याने वाचून दाखवा. तुम्हाला मराठी येत नसेल तर शेजारच्या काकूंना विनंती करा. मी अशी दोन घरांसाठी वाचून दाखवली आहे आणि मला त्यात आनंदच झाला.

६. रोज वीस मिनिटं, ठरलेल्या वेळी

दहा मिनिटं वाचन, दहा मिनिटं मोजणं किंवा लिहिणं. पाचवीच्या पुढे ती वेळ दुप्पट करा. टीव्ही बंद, आपला फोन दुसऱ्या खोलीत. मुलाचा गृहपाठ स्वतः लिहून देऊ नका. सुबक अक्षरातली आईची वही बघून बाईंना मुलाची अडचण कधीच दिसत नाही. झोप साडेनऊच्या आत.

७. पावसाळ्यात हजेरी सांभाळा

कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० शाळेचे दिवस ठरवले आहेत. त्यात तुमचं मूल किती दिवस वर्गात होतं ते तुम्हीच मोजा. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर गैरहजेरीच्या दिवशी लाल टिंब काढते. महिन्यात तीन टिंबं झाली की मी थांबून विचार करते.

जुलै-ऑगस्टमध्ये सर्दी, ताप, डोळे येणं, डेंग्यू हे चालूच असतं. ताप किंवा डोळे आले असतील तर मुलाला घरीच ठेवा, इतर मुलांचाही विचार करा. पण ‘पाऊस पडतोय’, ‘उठायला उशीर झाला’, ‘आज शनिवार, काही शिकवत नाहीत’ ही कारणं नकोत. रेनकोट, चपलांचा जादा जोड आणि दप्तरात प्लॅस्टिकच्या पिशवीत वह्या, एवढी तयारी पुरते.

मूल परत शाळेत जाईल त्याच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या मुलाकडून वही आणून फक्त गणित बघा. गणितात एक दुवा निसटला की पुढचं सगळं निसटतं. भाषेचे धडे नंतर भरून निघतात.

सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत दुपारचं जेवण मिळतं. मुलाला ते खाऊ द्या. सोबत पंगतीला बसून जेवल्यावर नव्या मुलाची ओळख लवकर होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

८. पायाभूत चाचणीचा पेपर वाचायला शिका

सरकारी आणि अनुदानित शाळांत ठरावीक इयत्तांची जुलै-ऑगस्टमध्ये पायाभूत चाचणी होते: प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी. मुलाला मागच्या इयत्तेतलं किती येतं हे शिक्षकांना कळावं म्हणून ती असते. तिच्यासाठी शिकवणी लावू नका आणि आदल्या रात्री पाठांतर करून घेऊ नका. तसं केलं तर शिक्षकांना खोटं चित्र दिसतं आणि मुलाला हवी असलेली मदत मिळत नाही. आम्ही मुलीच्या वेळी हेच केलं होतं.

चाचणीनंतर शाळेला पेपर दाखवायची विनंती करा. गुण किती पडले ते राहू द्या, चुका कुठल्या ते बघा. माझी एक ढोबळ पद्धत आहे. सगळीकडे थोड्या थोड्या चुका असतील तर घाई. शाब्दिक उदाहरणंच चुकली असतील पण नुसती बेरीज-वजाबाकी बरोबर असेल तर अडचण वाचनाची. शेवटचं पान कोरं असेल तर वेग. फळ्यावरून उतरवलेला भागच चुकला असेल तर डोळे.

मूल पाचवी किंवा आठवीत असेल तर एक लक्षात ठेवा. महाराष्ट्राने २०२३मध्ये नियम बदलला. या दोन इयत्तांना आता वार्षिक परीक्षा आहे, नापास झाल्यास फेरपरीक्षा, आणि तीही जमली नाही तर मूल त्याच वर्गात राहू शकतं. ‘आठवीपर्यंत नापास करत नाहीत’ हे जुनं ऐकीव वाक्य विसरा.

९. अडलंच तर या क्रमाने जा

शिकवणीचा विचार सगळ्यात शेवटी करा. आधी डोळे आणि कान तपासा. आमच्या इमारतीतल्या एका मुलाला सहा महिने ‘लक्ष नाही’ असा शेरा येत होता. त्याला फळा दिसत नव्हता. मेडिकल किंवा मेयो, नागपूरची ही दोन मोठी सरकारी रुग्णालयं, दोन्हीकडे नेत्र विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्या दिवशी मूल हजर राहील हे बघा. डोळे-कान ठीक असतील तर भाषा बघा, मग वाचनाची पायरी, मग वर्गात कुणी त्रास देतंय का. एवढं सगळं करूनही अक्षरं सतत उलटी होत असतील, ऐकून छान सांगणारं मूल वाचताना कोसळत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, त्यामुळे मुलाला परीक्षेत सवलती मिळू शकतात. नातेवाइकांना काय वाटेल म्हणून हे लांबवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

वर्गात मुलाला मारलं, अपमान केला, तर तो शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७चा भंग आहे. आधी वर्गशिक्षिका, मग मुख्याध्यापक, मग शाळा व्यवस्थापन समिती, आणि तरी ऐकलं नाही तर मनपाचा शिक्षण विभाग. ग्रामीण भागात केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी. प्रत्येक वेळी लेखी द्या. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. तुमच्या शाळेच्या समितीत पालक कोण आहेत ते फलकावर बघा आणि त्यांच्याशी ओळख करून घ्या.

१०. पोळ्याच्या आठवड्यात दुसरी भेट

पोळ्याच्या आसपास बाईंना पुन्हा दहा मिनिटं भेटा. या वेळी तुमच्या हातात तीन गोष्टी असतील: दुसऱ्या आठवड्यात घरी केलेल्या तपासणीची नोंद, कालनिर्णयावरची लाल टिंबं आणि पायाभूत चाचणीतल्या चुका. बाईंना एवढंच विचारा: ‘तेव्हा इथे होता, आता कुठे आहे?’ त्यांचं आणि तुमचं उत्तर जुळलं तर दिवाळीपर्यंत तसंच चालू द्या. जुळलं नाही तर त्याच बैठकीत पुढच्या सहा आठवड्यांसाठी एकच गोष्ट ठरवा. दोन नको, एकच. माझ्या मुलाच्या वेळी ती होती ‘रोज वर्गात एक वाक्य मोठ्याने बोलायचं’.

आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा पोळा असतो. मुलाला लाकडी बैल घेऊन द्या, महाल किंवा इतवारी भागात चांगले मिळतात, आणि त्याला सजवू द्या. वर्गातल्या दोन-तीन मुलांना घरी बोलवा, ती बैल घेऊन दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला जातील. दुसऱ्या वर्षी माझ्या मुलीने याच दिवशी, आमच्या दारात, त्याच सांबारवाल्या मैत्रिणीच्या बैलाला पहिला बोजारा दिला. दोघी अजून एका बाकावर बसतात.